बंब आणि गुमती : जहाजाच्या तळातल्या पाण्याचा इतिहास

मराठीत 'बंब' म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक, न्हाणीघरातला पाणी तापवायचा तांब्याचा उभा बंब. दुसरा, घंटा वाजवत धावणारा आगीचा बंब. एकात विस्तव, दुसरा विस्तव विझवणारा, आणि नाव मात्र एकच. उर्दूत हाच शब्द 'बंबा' होतो आणि त्याचा अर्थ पाण्याचा नळ किंवा हापसा. गुजरातीत तो 'बंबो' आहे, कोंकणीत 'बोंब'. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला असे शब्द स्वस्थ बसू देत नाहीत. एवढ्या भाषांत एकाच तोंडवळ्याचा शब्द असेल, तर तो कोणत्या तरी वाटेने आलेला असतो. 'बंब' आला तो समुद्राच्या वाटेने. पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. गोव्याचे कोशकार सेबास्तियाँव रोदोल्फ दाल्गादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या शब्दाची भावंडे एकत्र मांडलेली आहेत.

पोर्तुगीज जहाजांना पंप अत्यावश्यक होता. हिंदी महासागर ओलांडून आलेल्या लाकडी जहाजाच्या तळात पाणी साठणारच, आणि ते रोज उपसावे लागणारच. न्हाणीघरात आणि अग्निशामक दलात स्थिरावलेल्या या शब्दाच्या कुळात जहाजाच्या तळातले ते काळे, कुबट पाणीही आहे. इंजिन-रूममध्ये नोकरी केलेली आपली माणसे त्याला 'बिल्ज' म्हणतात. आजचा लेख त्या पाण्याबद्दल, ते उपसणाऱ्या यंत्राबद्दल आणि त्या यंत्राच्या दांड्याला लागलेल्या हातांबद्दल आहे.

पोर्तुगीज येण्यापूर्वी आपल्याकडची जहाजे पाण्याने भरून बुडत होती असे नाही. पाणी उपसणारी माणसे होती, आणि त्यांना नाव होते. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त नौकानयनाच्या प्रकरणात समुद्री जहाजावरच्या माणसांचे बारा वर्ग दिले आहेत. नाखुदा, मुअल्लिम, तंडेल, सरहंग, भंडारी, सुक्कानगीर अशी ती यादी जाते. कोकणातल्या वाचकाला यातले अर्धे शब्द ओळखीचे वाटतील. नाखुदाचा आपण 'नाखवा' केला, तंडेलचा 'तांडेल', सरहंगचा 'सारंग'. 'सुक्कान' या अरबी शब्दाचे 'सुकाणू' झाले आणि राजकारणापासून संसारापर्यंत सगळीकडे रुजले. मुअल्लिम म्हणजे खरे तर शिक्षक. जहाजावर तो ताऱ्यांवरून वाट दाखवणारा. मराठीत त्याला 'मालीम' म्हणत. होकायंत्रातला 'होका' हाही अरबी 'हुक्का', म्हणजे डबी. आमच्या पेशाचे नाव जहाजावर इतक्या मानाने वावरत होते, हे मी वर्गात मुलांना आवर्जून सांगतो.

याच यादीत एक शब्द असा आहे जो मराठीत टिकला नाही. तो म्हणजे 'गुमती'. जहाजात झिरपलेले पाणी बाहेर टाकणे हे गुमतीचे काम. अबुल फज्ल हे एका ओळीत सांगतो आणि पुढे जातो. त्यानंतर तो बंगालमधल्या सातगाव बंदरातले पगार देतो : नाखुदाला ४०० रुपये, मुअल्लिमला २००, तंडेलला १२०. पुढे सारंग आहे, भंडारी आहे, साधा खारवाही आहे. गुमतीचे नाव त्या पगाराच्या यादीत वेगळे येत नाही. बारा वर्गांत त्याला जागा आहे, हिशेबात नाही. या लेखाचा विषय मला त्या रिकाम्या जागेत सापडला.

आता मूळ प्रश्न : लाकडी जहाज गळते का? त्याचे उत्तर लाकडात आहे. लाकूड पाण्यात फुगते आणि उन्हात आकसते. फळ्या एकमेकींना कितीही चिकटवून बसवल्या तरी त्यांच्यामध्ये फट राहते. त्या फटीत कापूस किंवा काथ्या ठोकून भरायचा, वरून राळ आणि तेल यांचे मिश्रण चोपडायचे, हे काम हजारो वर्षे चालत आले. खलाशांच्या हिंदुस्तानीत फटी बुजवणाऱ्या कारागिराला 'कलापट्टी' म्हणत. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात हा शब्द आहे. तो पोर्तुगीज 'कालाफाते'वरून आल्याचे कोश सांगतो, आणि त्या पोर्तुगीज शब्दामागे पुन्हा अरबी 'कलाफत' असल्याचेही. म्हणजे शब्द अरबस्तानातून पोर्तुगालला गेला आणि आफ्रिकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्यावर परत आला.

बोट चार महिने पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवली की फळ्या सुकतात आणि फटी उघडतात. पुन्हा पाण्यात सोडल्यावर पहिले काही दिवस ती भरपूर पाणी घेते. मग लाकूड फुगते, फटी मिटतात, गळती कमी होते. पूर्ण थांबत मात्र नाही. त्यात लाटांचे शिडकावे येतात, पावसाचे पाणी येते, वल्ह्यांच्या आणि सुकाणूच्या भोकांतून थेंब थेंब येते. हे सगळे तळाच्या सर्वांत खोल भागात जमा होते. लाकडी बोटीला गळती असणे हा दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. दोष तेव्हा, जेव्हा आत येणारे पाणी बाहेर जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त होते.

अरबी समुद्रातली जुनी जहाजे तर खिळ्यांनी जोडलेलीही नव्हती. ती शिवलेली होती. अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर ११८३ मध्ये हजला निघाला, तेव्हा त्याने तांबड्या समुद्राच्या काठी, ऐजाब बंदरात अशी जहाजे पाहिली. नारळाच्या काथ्याने शिवलेल्या फळ्या, फटींत खजुरीच्या लाकडाच्या चिपा, आणि वरून एरंडेल किंवा शार्कचे तेल. शार्कचे तेल सर्वांत चांगले, असेही तो नोंदवतो. दीडशे वर्षांनी इब्न बतूता शिवण्याचे कारण सांगतो : खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले तर फुटते, शिवलेले लवचीक असल्याने तग धरते. कुरआनात सूरह अल-कमरमध्ये हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या नौकेचे वर्णन फळ्या आणि 'दुसुर' यांची नौका असे येते. या 'दुसुर'चा अर्थ बहुतेक भाष्यकार खिळे असा घेतात, तर काहींनी फळ्या बांधणारे दोर असाही घेतला आहे. ज्यांच्या समोरच्या बंदरात शिवलेली जहाजे उभी होती, त्यांना हा दुसरा अर्थ सहज सुचला असणार.

लवचीकपणाची किंमत होती गळती. शिवणीच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपे. टिम सेव्हरिन यांनी ओमानमध्ये शिवलेले 'सोहार' हे जहाज १९८० च्या नोव्हेंबरात मस्कतहून निघाले आणि १९८१ मध्ये चीनच्या कँटन बंदरात पोचले. त्याचे लाकूड मलबारचे होते. जुन्या पद्धतीचे जहाज महासागर ओलांडू शकते हे त्या सफरीने दाखवून दिले. पण असे जहाज म्हणजे सतत चालू असलेली दुरुस्ती. दोर तेलाने भिजवत राहा, फटी बघत राहा, पाणी उपसत राहा. शतकानुशतके हजला, बसऱ्याला, सोफालाला गेलेल्या प्रत्येक जहाजाच्या तळात कोणी ना कोणी डोल घेऊन उभा होता. प्रवासवर्णने वाचताना आपल्याला नाखुदा दिसतो, व्यापारी दिसतो, वादळ दिसते. डोल दिसत नाही.

पंपाचा विषय निघाला की आपल्या लोकांत एक फॉरवर्ड हमखास फिरतो : 'पंपाचा शोध मुसलमानांनी लावला.' सोबत अल-जजरीचे रंगीत चित्र. इथे जरा थांबून नीट बोलायला हवे, कारण अल-जजरी अशा फॉरवर्डपेक्षा खूप मोठा माणूस आहे.

पंप त्याच्या आधीपासून होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियस या ग्रीक कारागिराने दट्ट्याचा पंप बनवला होता. रोमनांनी तो वापरला. सिराक्यूजच्या राजाच्या 'सिराकुसिया' या अवाढव्य जहाजातले तळाचे पाणी आर्किमिडीजच्या स्क्रूने एकटा माणूस उपसू शके, असे जुने ग्रीक वर्णन आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी झडपांचे अनेक नमुने आपल्या ग्रंथात मांडले. अल-जजरी आला तो यानंतर. तो दियारबकरच्या अर्तुकी दरबारात काम करत होता आणि त्याचा ग्रंथ हिजरी ६०२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०६ मध्ये पूर्ण झाला. पन्नास यंत्रे, सहा विभाग. पाचवा विभाग पाणी उचलणाऱ्या यंत्रांचा आणि त्यातले पाचवे यंत्र म्हणजे हा पंप.

त्याची रचना अशी. ओढ्याच्या प्रवाहाने एक चाक फिरते. त्या फिरण्याचे रूपांतर दांड्याच्या डाव्या-उजव्या हेलकाव्यात होते. दांड्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन आडवी तांब्याची नळकांडी. एकातला दट्ट्या बाहेर येतो तेव्हा खालून पाणी ओढले जाते, त्याच वेळी दुसरा आत जातो आणि पाणी वर ढकलतो. प्रत्येक नळकांड्याला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. दट्ट्या म्हणजे तांब्याच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये गच्च गुंडाळलेला दोर. मातीचे तेल उडवून आग लावणाऱ्या युद्धातल्या नळ्यांशी या यंत्राचे साम्य आहे, हे जजरी स्वतःच सांगतो. म्हणजे आग फेकणाऱ्या नळीचा भाऊबंद पाणी उचलायला लागला; आणि आपल्याकडे 'बंब' आग विझवायला लागला.

जजरीचा पंप जहाजावरचा नव्हता. तो नदीचे पाणी वर चढवण्यासाठी होता. पंपाच्या इतिहासात त्याचे महत्त्व दोन गोष्टींमुळे आहे : पाण्यात न बुडवता, नळीने पाणी ओढून घेणारे नळकांडे, आणि दोन नळकांड्यांचे आळीपाळीने चालणे. पुढे १५५१ मध्ये तकियुद्दीनने सहा नळकांड्यांच्या पंपाचे वर्णन केले. युरोपात पाणी ओढणारा पंप पंधराव्या शतकात तक्कोलासारख्या इटालियन अभियंत्याच्या रेखाटनांत दिसतो.

मला मात्र जजरीबद्दल सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. प्रस्तावनेत तो म्हणतो की आधीच्या लोकांनी लिहिलेले त्याने वाचले, पण जे करून पाहिलेले नाही ते खरे-खोट्याच्या मध्येच लटकत राहते. म्हणून तो मापे देतो. पत्रा किती जाड, चकतीत किती फट, सांधा कसा डाखायचा, झडप घट्ट बसते की नाही हे कसे घासून पाहायचे. हा ग्रंथ विद्वानाने कारागिरासाठी लिहिलेला आहे. किंबहुना कारागिरानेच लिहिलेला आहे. हे यंत्र बिघडले तर पुढच्या माणसाला ते पुन्हा उभे करता यावे, ही त्यामागची नियत. ज्याच्या ग्रंथातले पान न् पान 'हात लावून बघ' म्हणते, त्याचे चित्र पाठवून आपण हात झटकतो. हे मला टोचते.

आता जहाजाकडे परत जाऊ. अठराव्या शतकातल्या युरोपीय जहाजांवर 'एल्म' झाडाच्या खोडाचा पंप असे. आख्खे खोड आतून पोखरून नळी केलेली. ती डेकपासून तळापर्यंत उभी. खाली एक स्थिर लाकडी डबी, वर दांड्याला जोडलेली हलती डबी, आणि दोन्हींवर चामड्याची झडप. दांडा वर गेला की खालची झडप उघडून पाणी आत, दांडा खाली आला की खालची मिटते आणि पाणी वरच्या झडपेतून वर सरकते. मोठ्या युद्धनौकांवर साखळी-पंप असत : साखळीला चामड्याच्या चकत्या, त्या नळीतून पाणी रेटत वर आणतात आणि डेकवर माणसे हातभर लांब दांडे फिरवत राहतात.

हे पंप किती नाजूक होते याचा पुरावा जेम्स कुकच्या 'एंडेव्हर'वर मिळतो. ११ जून १७७० च्या रात्री हे जहाज ऑस्ट्रेलियाजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले. जहाजावर चार पंप होते. त्यांतला एक ऐन वेळी चाललाच नाही. उरलेल्या तिघांवर सगळे आळीपाळीने राबले, अधिकारीही आणि सोबतचे सधन शास्त्रज्ञ जोसेफ बँक्सही. एका माणसाला सलग पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त दांडा हाणणे जमत नव्हते. मग तो तिथेच डेकवर आडवा होई आणि पुढचा उभा राही. तोफा पाण्यात फेकून दिल्या, लोकर आणि सुतळी चिकटवलेले शीड बाहेरून भोकावर ओढले, तेव्हा जहाज वाचले. चारांतला एक पंप बंद असणे ही एरवी कोणी विचारलीही नसती अशी बाब. ती त्या रात्री जिवावर आली होती.

'एंडेव्हर'ची गोष्ट जगाला माहीत आहे. 'सिडनी कोव्ह'ची आपल्यालाही नाही. हे जहाज नोव्हेंबर १७९६ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला माल घेऊन निघाले. खलाशी बहुतांश लास्कर, म्हणजे हिंदुस्तानी. ते बंगालच्या बंदरातून चढलेले, कोकणचे नव्हेत. पण त्या जगातली भाषा एकच होती. सारंग, तंडेल, खलाशी हेच शब्द तिथेही. दक्षिणेकडच्या थंड, खवळलेल्या समुद्रात जहाजाला गळती लागली. रात्रंदिवस पंप चालवावे लागले. बंगालच्या हवेत वाढलेली, अंगावर पुरेसे कपडे नसलेली माणसे बर्फासारख्या पाण्यात भिजत दांडा हाणत होती. त्यांतले काही थंडी आणि श्रमाने मेले. फेब्रुवारी १७९७ मध्ये कप्तानाने टास्मानियाच्या उत्तरेकडच्या एका बेटापाशी जहाज उथळ पाण्यात नेऊन टेकवले. त्या बेटाला पुढे 'प्रिझर्व्हेशन', म्हणजे 'बचाव' बेट असे नाव पडले.

मदत आणण्यासाठी सतरा जण छोट्या होडीतून निघाले : पाच युरोपीय, बारा लास्कर. होडीही किनाऱ्यावर फुटली. तिथून सिडनीकडे ते चालत निघाले. शेकडो किलोमीटर, अनोळखी किनारा, नद्या, भूक. वाटेत काही ठिकाणी तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना खायला दिले आणि नद्या ओलांडून दिल्या, काही ठिकाणी झटापटी झाल्या. मे महिन्यात सिडनीजवळ मच्छीमारीच्या एका होडीने तिघांना उचलले. सतरांपैकी तीन. त्यांत एक लास्कर होता. या प्रवासाचे वर्णन विल्यम क्लार्क या व्यापाऱ्याच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात ते महत्त्वाचे मानले जाते. पंपाच्या दांड्यावर जे गेले, त्यांची गणती गुमतीसारखीच झाली. कामात नाव, हिशेबात नाही.

पुढे वाफेची जहाजे आली, तरी लास्कर राहिले. पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर गुजरात आणि रत्नागिरीकडची माणसे असत, जेवणघरात गोव्याची, भट्टीपाशी पंजाब-मीरपूरकडची. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मुस्लिम घरांत आजही आजोबांची जहाजाची नोंदवही जपून ठेवलेली सापडेल. कोकणातला बुद्धिमान मुलगा मुंबईला जाऊन बोटीवर चढतो, हा चार पिढ्यांचा रिवाज होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ चे 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात तरंगते आहे. दोनशे वर्षांपूर्वीचे मुंबईचे लाकूड तरंगते, याचे श्रेय सागाला आहे, बांधणाऱ्यांना आहे, आणि तितकेच दर पिढीत ते डागडुजी करत राहिलेल्या हातांना आहे.

पंपही बदलला. १८५९ मध्ये बोस्टनच्या जेकब एडसनने पडद्याचा पंप काढला. यात नळकांड्यात घासत जाणारा दट्ट्या नाही. एका वाटीसारख्या पोकळीवर लवचीक पडदा ताणलेला असतो. दांड्याने पडदा वर ओढला की पोकळी मोठी होते, पाणी आत येते. खाली दाबला की दुसऱ्या झडपेतून बाहेर जाते. घासणारे भाग नसल्याने तळातला कचरा, लाकडाची चीप, माशांचे खवले यांनी तो लगेच अडत नाही. जुन्या बोटींवर जो हातपंप दिसतो तो बहुधा या घराण्यातला, नाहीतर चामडी वायसरच्या दट्ट्याचा. यांत्रिक पंप कितीही चांगला असो, इंजिन बंद पडले किंवा बॅटरी भिजली की हाच उरतो.

तो कसा जपायचा हे लिहून ठेवतो, कारण ज्ञान असे शब्दांत टिकते. पंप पाणी ओढत नसेल तर आधी तो उघडू नये. ओढणारी नळी स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून दांडा चालवावा. पाणी आले तर पंप ठीक आहे, दोष तळाच्या जाळीत किंवा नळीत आहे. नाही आले तर आत येणाऱ्या तोंडावर तळहात घट्ट धरून दांडा मारावा. हात खेचला गेला आणि दांडा थांबवल्यावरही ओढ टिकली, तर झडपा शाबूत आहेत. ओढ लगेच सुटली, तर झडप नीट मिटत नाही. बहुतेक वेळा तिच्याखाली केस, दोऱ्याचा तुकडा किंवा खवला अडकलेला असतो. ओढ जाणवलीच नाही, तर पडदा फाटला आहे किंवा सांध्यातून हवा शिरते आहे.

कारण पंप पाणी 'ओढतो' हा बोलायचा भाग झाला. तो फक्त नळीतला दाब कमी करतो. वर ढकलते ती बाहेरची हवा. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात लिहिले की एका ठरावीक उंचीपलीकडे असा पंप पाणी चढवत नाही. त्याचा शिष्य टोरिचेल्लीने काही वर्षांत त्याचे कारण हवेच्या वजनात शोधले. ती मर्यादा सुमारे १० मीटर. बोटीच्या तळापासून डेकपर्यंत एवढी उंची नसतेच, म्हणून बोटीवर खरा शत्रू उंची नसून भोक आहे. नळीला सुईएवढी चीर असली तरी पाण्याऐवजी हवा आत येते आणि माणूस उगाच घाम गाळतो. क्लिपा तपासाव्यात, नळी कडक होऊन तडकली असेल तर बदलावी.

पडदा काढला की उजेडासमोर धरून बोटांनी ताणून पाहावा. घडीच्या जागी बारीक चिरा आधी दिसतात. रबराला साधे ग्रीस लावू नये, रबर फुगते आणि मऊ पडते. साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस चालते. चामडी वायसर असेल तर तो सुकून आकसतो. तेलात रात्रभर भिजवून बसवावा. झाकणाचे नट एका ओळीत न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, म्हणजे पडदा सारखा बसतो. बाहेर टाकणारी नळी पाण्याच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे आणि तिला वर वळसा हवा, नाहीतर ज्या नळीने पाणी बाहेर जाते तिनेच समुद्र आत येतो. तळातल्या आडव्या बरगड्यांना पाणी वाहण्यासाठी खाली खाचा असतात. त्या गाळाने बुजल्या तर एका कप्प्यात गुडघाभर पाणी आणि पंप मात्र दुसऱ्या कप्प्यात कोरडा, असे होते. आणि महिन्यातून एकदा, गरज नसताना, पंप चालवून पाहावा. 'एंडेव्हर'चा चौथा पंप हेच सांगतो.

जमिनीवरची गोष्टही वेगळी नाही. दुष्काळी भागात बोअर खणून बसवलेले जुने बिडाचे हापसे धडाधड बंद पडत, कारण ते एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेले आणि त्यांवर गावेच्या गावे तुटून पडत. मग जालना आणि सोलापूर इथल्या कामातून पोलादी, मजबूत हापसे तयार झाले. १९७० च्या दशकात त्यांवरून युनिसेफच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क टू' आला आणि जगभर पसरला. पण मजबूत हापशालाही वायसर लागतोच, आणि वायसर बदलणारा माणूस लागतोच. बोअर मारल्याचा फलक गावात लागतो, फीत कापली जाते. वायसर बदलणाऱ्यासाठी फीत नसते.

सूरह अल-कहफमध्ये हजरत मूसा आणि खिज्र यांची हकीकत आहे. गरीब माणसे समुद्रात राबून पोट भरतात, आणि खिज्र त्यांच्या नौकेला भोक पाडतात. मूसा हादरतात. पुढे उलगडा होतो की मागे एक राजा होता, जो प्रत्येक धडधाकट नौका जबरदस्तीने हिसकावून घेत होता. ही सदोष दिसावी म्हणून तसे केले. या आयतींवर शतकानुशतके मोठमोठी भाष्ये झाली आहेत आणि मी काही आलिम नाही. भाषेचा शिक्षक म्हणून एवढेच वाटते की ही हकीकत त्या गरीब नावाड्यांच्या एका कौशल्यावर उभी आहे. राजा निघून गेल्यावर ते फळी बसवतील, फट बुजवतील, साचलेले पाणी उपसतील आणि पुन्हा कामाला लागतील, हे गृहीत आहे. भोक पडलेली नौका त्यांच्यासाठी संपलेली नौका नाही.

आपल्या समाजाच्या इतिहासाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा दोनच सूर लावतो. एक, आम्ही सगळे शोधले. दुसरा, आमचे सगळे गेले. दोन्हींत दुरुस्तीला जागा नाही. जजरीचा ग्रंथ, आईनमधला गुमती, 'सिडनी कोव्ह'वरचे बिननावाचे खलाशी आणि रत्नागिरीच्या पेटाऱ्यातल्या त्या नोंदवह्या यांचा सूर तिसरा आहे. पाणी रोज येते, म्हणून रोज उपसावे लागते. यात पराभव नाही आणि पराक्रमही नाही. ज्यांच्या घरात अशी नोंदवही असेल, त्यांनी ती एकदा उघडून आजोबांच्या नावापुढे कोणते काम लिहिले आहे ते मुलांना वाचून दाखवावे. सारंग असेल तर सारंग, भंडारी असेल तर भंडारी. आणि पंपावर उभे असतील, तर तेही तेवढ्याच मोठ्याने.